लॉनकरी

महाराष्ट्रात वारकरी असतात, शेतकरी असतात, माळकरी असतात. न्यू जर्सीत लॉनकरी असतात. वय पंचेचाळीस ते पंचावन्न, औषध कंपनीत नाहीतर बँकेत आयटीची नोकरी, दोन मुलं, दोन गाड्या आणि पाव एकराचा प्लॉट. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. हा हिशेब इथे कुणी करत नाही, पण पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मी स्वतः टाउनहाउसमध्ये राहतो. आमचं गवत असोसिएशनची माणसं येऊन कापून जातात. त्यामुळे या विषयावर मी बोलणं म्हणजे ब्रह्मचाऱ्याने सासुरवाडीबद्दल सल्ला देणं. तरीही एक लॉनकरी मी गेली बारा वर्षं अगदी जवळून पाहतोय, आणि ते पाहणं फुकट जाऊ नये असं वाटतं.

हा मूळचा वाळवा तालुक्यातला. घरचा ऊस. भांगलणीला जायला लागू नये म्हणून आपण अभ्यास केला, हे तो स्वतःच सांगतो. उन्हात वाकून खुरपं चालवण्यापेक्षा इंटिग्रेशन परवडलं. मग सांगलीचं वालचंद कॉलेज, मग पुणे, मग जर्सी. मातीपासून जेवढं लांब पळता येईल तेवढा तो पळाला. आता मे महिन्यातल्या कुठल्याही शनिवारी सकाळी सातला त्याच्या घरावरून जा. गुडघ्याखाली फोमची उशी, हातात लांब दांड्याचं काटेरी हत्यार, आणि स्वारी डँडेलियन मुळासकट उपटतेय. भांगलणच ती. फक्त इथे दुपारी भाकरी घेऊन कुणी येत नाही.

सुरुवात अपमानातून झाली. घर घेतलं तेव्हा त्याला वाटलं, गवत हे छतासारखं असतं, घराबरोबर येतं आणि आपलं आपण राहतं. पहिल्याच मे महिन्यात टाउनशिपचं पत्र आलं, गवत वाढलंय. तो त्या पत्राला उत्तर लिहीत बसला असताना बाहेर फटफट आवाज आला. शेजारचे निवृत्त पोस्टमन आपला मोअर घेऊन, काही न बोलता, याच्या पुढच्या अंगणातलं गवत कापत होते. कापून झालं, हात हलवला, निघून गेले. वाळव्याचा माणूस. दुसऱ्याने येऊन आपलं रान कापून दिलं, म्हणजे आपल्या घरात कर्ता माणूस उरला नाही, असाच त्याने अर्थ लावला. त्याच संध्याकाळी मोअर घरात आला.

यात त्याचा एकट्याचा दोष नाही. १९४७ साली लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभं राहिलं, तेव्हा तिथल्या करारातच आठवड्यातून एकदा गवत कापायची अट होती. या देशात मध्यमवर्ग गवतासकटच जन्माला आला. २००५ साली क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या मदतीने अंदाज बांधला, की अमेरिकेत घरं, बागा, गोल्फची मैदानं धरून एक लाख साठ हजार चौरस किलोमीटरच्या वर लॉन आहे. म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून जास्त. हा आकडा लॉनकऱ्याला तोंडपाठ आहे. पार्टीत कुणी मुलांच्या कॉलेजचा विषय काढला की हा हळूच निम्मा महाराष्ट्र बाहेर काढतो.

त्याचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, पाडव्यालाही नाही. ते १ मार्चला सुरू होतं. खत पावसाबरोबर वाहून नद्या-खाड्यांत जातं, म्हणून न्यू जर्सीच्या २०११ च्या कायद्याने १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकांना लॉनला खत घालायची बंदी आहे. हा याचा चातुर्मास. या काळात तो कांदा-लसूण खातो, पण स्प्रेडरला हात लावत नाही.

चातुर्मास संपला की खरी परीक्षा, क्रॅबग्रास. या तणावरचं औषध ते उगवायच्या आधी पडावं लागतं, आणि मातीचं तापमान पंचावन्न फॅरेनहाइटच्या आसपास काही दिवस टिकलं की ते उगवायला लागतं. लवकर घातलं तर औषध वाया, उशिरा घातलं तर वर्ष वाया. फोर्सिथियाची पिवळी फुलं आली की वेळ झाली असं समजतात, पण इंजिनिअरचा फुलांवर विश्वास कसा बसणार? म्हणून त्याने मांस भाजताना आत खुपसतात तो थर्मामीटर आणलाय. घरात तीन पिढ्या माळकरी, अंड्यालासुद्धा मज्जाव, आणि फडताळात मांसाचा थर्मामीटर. रोज सकाळी तो जमिनीत चार ठिकाणी खुपसतो आणि आकडे एक्सेलमध्ये भरतो. आठवड्याला एक इंच पाणी मिळतंय का, हे मोजायला लॉनवर ठिकठिकाणी श्रीखंडाचे रिकामे डबे ठेवलेले असतात. एकदा बायकोच्या मैत्रिणीने ते गोळा करून, घासूनपुसून परत आणून दिले. त्या मैत्रिणीला पुढे बोलावणं नव्हतं.

याच धामधुमीत पाडवा येतो. गुढी डेकवर उभारायची असा नियम आहे, कारण लॉनमध्ये काठी रोवली की भोक पडतं. तोच माणूस सप्टेंबरात एरेटर भाड्याने आणतो आणि एका दुपारी त्याच लॉनला काही हजार भोकं पाडतो. वहिनींनी हे एकदा बोलून दाखवलं. त्यावर त्याने मुळांना लागणाऱ्या ऑक्सिजनवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. वहिनी तेवढ्यात पोळ्या लाटून मोकळ्या झाल्या.

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या मे महिन्यात त्याचे आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आले.

पहिल्याच पहाटे पाचला टायमरवरचे स्प्रिंकलर फुसफुसत सुरू झाले. अण्णा पंच्याहत्तरीचे. ताडकन उठले, टॉवेल डोक्याला गुंडाळला, आणि अनवाणी बाहेर. "लाइट आली काय रं?" आयुष्यभर शेतीची वीज रात्री-अपरात्री आली की मोटार चालू करायला धावलेला माणूस तो. पाणी आपल्या आपण येतंय, मोटार नाही, पाळी नाही, पाट फुटायची भीती नाही, हे बघून त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी संशय आला. सात वाजेपर्यंत ते डेकच्या पायरीवर राखण करत बसून होते.

नाश्त्याला चौकशी सुरू झाली.

"किती रान हाय?"

"घर, ड्राइव्हवे सोडून सहा गुंठे असेल."

"जात कुठली?"

"केंटकी ब्लूग्रास. थोडं रायग्रास आहे." मग त्याला राहवलं नाही. इथे जवळच रटगर्स विद्यापीठ आहे, तिथल्या रीड फंक यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं गवत गोळा करून १९६७ साली 'मॅनहॅटन' नावाचं वाण काढलं, ते कसं चिवट, कसं दाट, हे त्याने सगळं सांगितलं. ब्लूग्रास तर मूळचं केंटकीचंही नाही, युरोपातून आलेलं.

"म्हंजे आपल्या शहाऐंशी शून्य बत्तीसगत," अण्णा म्हणाले. को ८६०३२ ही आमच्याकडची उसाची लाडकी जात. "मग टनेज काय पडतं?"

इथे लॉनकरी गप्प झाला. बारा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. कापलेलं गवत तिथेच कुजू देतात, असं तो म्हणाला. अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मुलाकडे असं पाहिलं, की शिक्षणावर किती खर्च झाला ते आठवतायत, हे मला माझ्या खुर्चीतून दिसलं.

मेमोरियल डेला मिलॉर्गनाइटची पोती आली. वास आला म्हणून आईंनी विचारलं, हे काय. मिलवॉकी शहर १९२६ पासून आपल्या सांडपाण्याच्या गाळातून हे खत बनवतं, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

"म्हंजे सोनखत की!" अण्णा खूश झाले. अमेरिकेत आल्यापासून पहिली ओळखीची वस्तू सापडली होती. आईंनी मात्र त्याला त्या दिवशी गराजमधूनच न्हाणीघरात पाठवलं आणि न्हाल्याशिवाय चुलीपाशी, म्हणजे कुकिंग रेंजपाशी, फिरकू दिलं नाही.

आईंचा लॉनशी संबंध वेगळ्या वाटेने आला. एका रविवारी जेवायला ताकातली भाजी होती. लॉनकऱ्याने दोनदा घेतली, मीही घेतली. "चाकवत कुठं मिळाला? पटेलकडे?"

"तुझ्या शेडाच्या मागं. केवढा माजलाय! कुणी खुडतच न्हाई."

शेडच्या मागे याचं औषध पोचत नाही. तिथल्या त्या झाडाला इंग्रजीत लॅम्ब्सक्वार्टर्स म्हणतात, आणि ते याच्या फोनमधल्या 'नष्ट करावयाची तणं' या यादीत चौथ्या क्रमांकावर होतं. घास हातात धरून तो क्षणभर थांबला. मग तिसऱ्यांदा वाढून घेतली. दहा गुंठ्यांतलं बारा वर्षांतलं पहिलं उत्पन्न ते.

पण अण्णांचा खरा प्रवेश हुमणीने झाला.

मागच्या कोपऱ्यात खाटेएवढा पट्टा पिवळा पडला होता. रात्री रकून येऊन उकरत होते. लॉनकऱ्याचं म्हणणं, रकूनच गुन्हेगार. त्याने हालचाल दिसली की पाण्याचा फवारा मारणारं यंत्र बसवलं होतं, आणि ते आतापर्यंत दोनदा पोस्टमनच्या कुत्र्यावर आणि एकदा माझ्यावर चाललं होतं. अण्णा त्या पट्ट्याशी उकिडवे बसले. दोन्ही हातांनी गवत धरलं आणि गोधडी उचलावी तसं वर उचललं. मुळंच नव्हती. खाली पांढऱ्या, जाड, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या अळ्या.

"हुमणी!" अण्णा ओरडले. सांगलीच्या स्टँडवर सुटलेली एसटी थांबवून आपल्या गावचा माणूस आत चढावा, तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. "अरं, ही हितंबी हाय?"

ही आपल्याकडची नव्हे, जपानी भुंगेऱ्याची अळी, असं मुलाने सांगितलं. तो भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तोही न्यू जर्सीतच, रिव्हर्टनच्या एका नर्सरीत, १९१६ साली. अण्णांना त्याच्या पासपोर्टात रस नव्हता. त्यांनी एक फूट बाय एक फूट चौकोन आखून अळ्या मोजल्या. तेरा. "आता औषध मारू नगंस. मोठ्या झाल्यात, दाद देत न्हाईत. भुंगेरं बाहेर पडू दे, बारक्या अळ्या झाल्या की मग बघू. तवर भुंगेरं हातानं वेचायचं." गावाकडे वळवाच्या पावसानंतर रात्री कडुनिंब-बाभळी हलवून भुंगेरे पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, ते त्यांनी साठ वर्षं केलंय. लॉनकरी आत जाऊन विद्यापीठाचं पत्रक वाचून आला. त्यातही तेच होतं, फक्त रॉकेलच्या जागी साबण.

त्या दिवसापासून लॉनचा कारभार अण्णांकडे गेला. जुलैत बापलेक भल्या सकाळी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन गुलाबाच्या ताटव्यावरून सुस्तावलेले भुंगेरे वेचताना दिसायचे. संध्याकाळी दोघं हात पाठीमागे बांधून कडेला उभे राहायचे, काही न बोलता गवताकडे बघत. बांधावर उभं राहायची ही ढब कुणी शिकवत नाही.

बांधावरून आठवलं. पोस्टमन कापताना सौजन्य म्हणून याच्या हद्दीत एक पट्टा जास्त कापतात. बारा वर्षं कापतायत. अण्णांनी ते एका गुरुवारी पाहिलं. "बांध कोरतोय त्यो," ते मुलाला म्हणाले. हे इथलं शेजारधर्माचं वागणं आहे, असं त्याने परोपरीने सांगितलं. "आज पट्टा कोरंल, उद्या अर्धा गुंठा. मोजणी आण." अमेरिकेत तलाठी नाही हे कळल्यावर त्यांनी स्वतःच सुतळी आणली आणि दोन खुंट्या मारून हद्द आखली. पोस्टमनला ती सुतळी म्हणजे रांग सरळ यावी म्हणून केलेली भारतीय युक्ती वाटली. त्यांनी अंगठा वर करून दाखवला. अण्णांना तो अंगठा भारी झोंबला. भाऊबंदकीत तसा अंगठा दाखवला असता तर प्रकरण इस्लामपूरच्या कोर्टात गेलं असतं.

ऑक्टोबरात आई-अण्णा परत गेले. मी त्यांना सोडायला नेवार्कला गेलो होतो, तर सामान तपासायच्या रांगेतही अण्णा मुलाला स्प्रिंकलरच्या पाळ्या सांगत होते.

मागच्या आठवड्यात मी लॉनकऱ्याकडे होतो, तेव्हा गावाकडून फोन आला. त्याने विचारलं, उसाला तोड आली का, कारखाना काय भाव देतोय. इतक्या वर्षांत हे त्याने विचारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

"उसाचं ऱ्हाऊ दे," पलीकडून अण्णांचा आवाज आला. "बर्फ वितळलं का? त्या मागच्या कोपऱ्यात गवत उचलून बघ आधी. मी धरतो फोन."

लॉनकऱ्याने फोन माझ्या हातात दिला आणि थर्मामीटर शोधायला गेला.