पत्रिकेत सर्जन कसा शोधावा

सुरुवात मंगळापासून करा. शस्त्र, रक्त, अग्नी, जखम आणि धाडस ही सगळी खाती त्याच्याकडे असल्यामुळे सर्जरी त्याच्या पदरात पडणं ओघानंच आलं. पोलीस, सैनिक, आचारी आणि खाटीक यांनाही हाच ग्रह लागतो, पण त्यांचे आईवडील करिअर विचारायला सहसा येत नाहीत, तेव्हा तिकडे लक्ष देऊ नका.

नवशिक्याला वाटतं, मंगळ दशमातच हवा. असला तर उत्तमच. तिथे तो दिग्बली होतो, आणि मकरेचा असेल तर उच्चीचा आणि केंद्रात म्हणून रुचक योगही जुळतो. मग पुढचं काही न बघता ‘एमएस जनरल सर्जरी’ म्हणून मोकळे व्हा. पण बहुतेक वेळा तो तिथे नसतो. घाबरू नका. मंगळाला चौथी, सातवी आणि आठवी अशा तीन दृष्टी आहेत. तो तिसऱ्यात असला तर आठव्या दृष्टीने दशम बघतो, चौथ्यातून सातव्या आणि सातव्यातून चौथ्या. सहावं रोगाचं स्थान, आठवं शस्त्रक्रियेचं, बारावं दवाखान्यातल्या खाटेचं. यांपैकी कुठेही बसला तरी काम झालं. राहिली लग्न, धन, पंचम, नवम आणि लाभ. लग्नातून, धनातून आणि पंचमातून त्याची नजर अष्टमावर जाते, नवमातून व्ययावर, लाभातून षष्ठावर. पेन्सिल घेऊन मोजून बघा. बारा घरं संपतात आणि सर्जन नसलेली एकही पत्रिका उरत नाही. एवढी खात्री एमबीबीएसचं सर्टिफिकेटसुद्धा देत नाही.

मंगळ कर्केत नीच असला तर नीचभंग शोधा, तो सापडतो. नाहीच सापडला तर चंद्रकुंडली, मग नवमांश, मग दशमांश. चंद्र अश्विनी नक्षत्रात असेल तर यातलं काहीच करायला नको, कारण अश्विनीकुमार हे खुद्द देवांचे वैद्य.

एक पथ्य मात्र पाळा. हाच सातव्यातला मंगळ सकाळी स्थळ जुळवायला आलेल्या मंडळींना ‘कडक’ म्हणून सांगितलेला असतो आणि मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं असतं. संध्याकाळी तीच आई मुलीच्या पीजीचं विचारायला आली तर त्याच मंगळाचं कौतुक करायचं आहे. वही वेगळी ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

आता प्रत्यक्ष सल्ला. समोर प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून पत्रिका येते, कॉम्प्युटरवर काढलेली, कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट. ती उघडा, चष्मा कपाळावर सरकवा आणि पत्रिकेकडे न बघता विचारा, “नीटला किती पडले?” “सहाशे चाळीस, गुरुजी.” आता चष्मा खाली घ्या. “हं. मंगळ बोलतोय.” आकडा तीनशेचा असला तर बोलतो तो शनी. शनी उशीर करतो, नाकारत नाही, आणि रिपीटरच्या बॅचची फी भरायला घराला एवढं वाक्य पुरतं.

मार्क विचारायच्या आधी तोंड उघडू नका, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात हुशार आणि गतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांकडे पाठवल्या, प्रत्येकी चाळीस, आणि ओळखा म्हणाले. उत्तरं सत्तावीस जणांची आली. बरोबर निघाली सरासरी शेकडा ४६. नाणं उडवून पन्नास मिळतात. त्या मंडळींची चूक एवढीच की मार्कलिस्ट मागवली नाही.

अशा पुस्तकात थोरामोठ्यांच्या पत्रिका उदाहरणादाखल देतात. मलाही आपल्या मातीतला सर्जन द्यायचा होता. कावसजी नावाचा इंग्रजी सैन्यातला गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, ते कपाळावर सपाट ठेवून रेघ मारली आणि तेवढी कातडी खाली वळवून नवं नाक उभं केलं. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली आणि युरोपातले सर्जन ती वाचून कामाला लागले. पण करणाऱ्याचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही, तिथे जन्मवेळ कुठली? सबब उदाहरण रद्द.

शेवटचा धडा पुढे गेलेल्यांसाठी. मंगळ हवा तिथे येत नसेल तर जन्मच हलवायचा. सिझर ठरलेलं असलं की दशमात मंगळ येईल असं लग्न धरा आणि कागदावर ‘सकाळी १०.४० ते १०.५२’ असं लिहून द्या. दशमांश साधारण बारा मिनिटांत बदलतो, त्यामुळे ढिलाई नको. बाळाचे बाबा तो कागद घेऊन जातात, डॉक्टर मॅडम तो पेपरवेटखाली ठेवतात, आणि भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलातून निघून सिंहगड रोडवर अडकलेले असतात. मॅडमना फोन करू नका, त्यांच्या हातात सुरी असते आणि बाळाचं लग्न तिच्यावर अवलंबून असतं. बाळ ११.०५ ला बाहेर आलं तर पत्रिका १०.५० ची मांडा. लेबर रूमचं घड्याळ पुढेच असतं, असं सांगितलं की घरचे लगेच मान डोलावतात.