कुणाला सांगू नका

“बाई, तुमच्या त्या कॅमेऱ्यातून आमचं स्वयंपाकघर दिसतं का हो?”

मेंदीच्या कुंपणापलीकडून वहिनींनी हा प्रश्न टाकला, तेव्हा त्या अंगणातल्या बाजेवर कुरडया उलटत होत्या. मे महिना, सकाळचे साडेआठ. प्रश्नात निम्मी चेष्टा, निम्मी काळजी. मी कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडायला लागल्यापासून गल्लीतले पडदे जरा लवकर ओढले जातात, हे माझ्याही लक्षात आलंय. दोष भाच्याचा. त्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला, निकॉनचा पी ९००. जाताना फाटकातून ओरडून गेला, “मावशी, ८३ पट झूम आहे, चंद्रावरचे खड्डे दिसतात!” चंद्रावरचे खड्डे दिसतात म्हटल्यावर ओट्यावरची खरकटी भांडी दिसत नाहीत, हे कोण मानणार?

“दिसतं ना,” मी म्हटलं. “काल कढी उतू गेली, तीही दिसली.”

“अगोबाई! खरंच?”

“वास आला हो. वासाला झूम लागत नाही.”

आमचं हे कुंपण म्हणजे वर्तमानपत्रच. मेंदी कंबरेएवढी राखायची, हा दोन्ही घरांचा अलिखित करार. त्याहून वाढली तर वाट्या देताना हात ओरबाडतात. वहिनींची थोरली माझ्या वर्गात होती, म्हणून मी सगळ्या घराची ‘बाई’. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांचे नाना मला पाहून अजून हातातली पिशवी मागे लपवतात. पिशवीत काय असतं ते पुढे येईलच.

कुंपणाच्या टोकाशी उभं राहिलं की दोन घरांच्या मधून टेकडी दिसते. वेताळ टेकडी. पुण्यातली सगळ्यांत उंच, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. हे ‘सगळ्यांत उंच’ सांगताना आमच्या गल्लीतल्या लोकांची मान अशी ताठ होते, की टेकडी त्यांनीच मुरूम टाकून वाढवलीय. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं गिरिपुष्प फुलतं. नवखे लोक त्या गुलाबी रंगापुढे उभे राहून जपानला गेल्यासारखे फोटो काढतात. झाड मध्य अमेरिकेकडचं. आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात, आणि मला हेच नाव खरं वाटतं. त्याच्या गर्दीत आपलं दुसरं काही सहसा वर येत नाही. वर पठारावर मात्र अजून जुनं, आपलं माळरान आहे: पिवळं गवत, बोरी, हिवर, मधूनमधून दगड. न बघणाऱ्याला ते ओसाड वाटतं.

“तुमच्या फोटोंत मी आहे का कुठे?” वहिनींनी पुढचा प्रश्न काढला.

“गेल्या जुलैच्या फोटोत आहात की. एका रोपाला सतरा हात लागलेत, त्यातला हिरव्या बांगड्यांचा तुमचाच.”

त्या खळखळून हसल्या, पण ऐकून जरा ओशाळल्याही. वृक्षारोपणाच्या दिवशी गल्लीतून एकेचाळीस जण गेले होते. मी मोजले नाहीत, कॅमेऱ्याने मोजले. डॉक्टरीणबाईंनी टोपी घातली होती, कोपऱ्यावरच्या घरातल्या सासू-सुना एकमेकींशी न बोलता शेजारीशेजारी उभ्या होत्या. (ती बातमी वेगळी आहे, कधीतरी सांगेन.) त्या दिवसापासून मी एक खोड लावून घेतली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच दगडावर उभी राहून तोच फोटो काढायचा. ऑगस्टला एकवीस माणसं, ऑक्टोबरला नऊ. एप्रिलला चार. रोपांना खरी गरज एप्रिललाच असते, पण उन्हात फोटो चांगले येत नाहीत.

२०१९ साली सरकारने राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं, तेव्हा नाना म्हणाले होते, “आपल्याकडे देवही ३३ कोटी आहेत. एकेका देवाला एकेक झाड दत्तक द्या, पाणी घालायचा प्रश्न मिटला.” तेच नाना आता एप्रिलच्या त्या चौघांत आहेत.

“कसले चौघांत!” वहिनी कुरडई हातात तशीच धरून म्हणाल्या. “पहाटे साडेपाचला निघतात, आठला येतात, आणि रोज शर्ट पोटाशी चिंब ओला. विचारलं तर म्हणतात, घाम. बाई, घाम काय फक्त पोटाला येतो?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, फोटोसकट. कॅमेरा आणला, कुंपणावरून पुढे केला. नानांचा उजवा खांदा धरलाय. कॅन हातात लोंबत धरला की कळ येते. म्हणून ते पाच लिटरचा कॅन तान्ह्या पोरासारखा पोटाशी कवटाळून चढतात, आणि त्याचं झाकण गळकं आहे. वर पोचेपर्यंत कपभर पाणी शर्टाला, उरलेलं कडुनिंबाला. अशा दोन खेपा. झाडाभोवती आळं केलंय, त्यात पालापाचोळा पसरलाय, म्हणजे ओल टिकते. वहिनी बराच वेळ फोटो बघत राहिल्या.

“झाकण बदलून देते,” एवढंच म्हणाल्या.

मी पुढचा फोटो दाखवायला बटण दाबलं आणि चुकून मागचा आला. त्यात नाना टेकडीच्या पायथ्याशी, एका गाडीपाशी, हातात तेलकट कागद. साखर आहे त्यांना, दोनशेच्या वर. मी झटकन पुढे सरकवला. शिक्षकी पेशात पस्तीस वर्षं काढली की चेहरा कोरा ठेवणं जमतं.

“बुलबुलांचं काय झालं?” मीच विषय बदलला.

फेब्रुवारीत चार दिवस जगभरातले हौशी लोक अंगणातले, परसातले पक्षी मोजतात. निदान १५ मिनिटं एका जागी बसायचं, दिसेल ते लिहायचं आणि कळवायचं, एवढंच काम. यंदा मी वहिनींना बसवलं होतं. त्यांनी वहीत अभिमानाने लिहिलं: बुलबुल सात. जांभळीवरचा एकच बुलबुल सात वेळा आला आणि गेला, हे मी कुंपणाच्या अलीकडून पाहत होते. एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसतील तितकेच धरायचे, हे समजावल्यावर त्या रागावल्या. “म्हणजे माझे सहा बुलबुल तुम्ही खाल्लेत!”

“त्याला सात बुलबुल म्हणत नाहीत वहिनी, सात फेऱ्या म्हणतात. तुम्ही दिवसात सात वेळा कुंपणाशी येता, म्हणून आम्ही शेजारी सात वहिनी राहतात असं सांगतो का?”

आणि मग त्यांनी तो विषय काढलाच, जो मला नको होता. “यंदा तुमची ती टिटवी नाही का आली?”

मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

गेल्या वर्षीची गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण सगळ्यांना अर्धीच. मे महिना होता, पावसाआधी खड्डे खणून ठेवायचं काम चाललं होतं. दोरी धरून सरळ रेषेत खड्डे. दोन दिवस एक टिटवी डोक्यावरून घिरट्या घालत घसा फोडून ओरडत होती. खणणाऱ्यांतले एक गृहस्थ म्हणाले, टिटवी ओरडणं वाईट, आज नको. दुसरे म्हणाले, ती उताणी झोपते, आभाळ पडलं तर पायांवर झेलायला. मी लांबच्या दगडावर बसून झूम लावला. ती जरा निवांत झाली, उतरली, तुरुतुरु चालत गेली आणि दोरीपासून दहा पावलांवर खाली बसली. ना काडी ना गवत, नुसती जमीन. तिनं अंग हलवलं तेव्हा पोटाखाली दिसली चार अंडी. मातकट, वर काळपट डाग, टोकं आत वळवलेली, भोवती खडे आणि शेळीच्या लेंड्या. पायाखाली आली तरी कळणार नाहीत.

दोरी वाकवली. खड्ड्यांची ओळ त्या जागेला मोठा वळसा घालून पुढे गेली. त्या रात्री मी फार खूश होते. त्या खुशीतच फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, “आमच्या टेकडीवरची पाहुणी” असा मथळा दिला आणि खाली, शाळेतल्या सवयीने, पत्तासुद्धा: मोठ्या हिवराच्या डावीकडे.

सकाळी तिथं अकरा माणसं होती आणि दोन कुत्री. एका मुलाने मोबाइल अंड्यांपासून वीतभर अंतरावर धरला होता. कुणी दुष्ट नव्हतं. सगळे कौतुकानेच आले होते, दबक्या आवाजात बोलत होते. टिटव्या, नर-मादी दोघंही, वर फिरत राहिल्या. साडेदहा, अकरा, साडेअकरा. खाली अंडी उघड्यावर, आणि मे महिन्यातलं पुण्याचं ऊन. तिसऱ्या दिवशी जागा रिकामी होती. टरफलंही नव्हती.

गल्लीच्या टोकाला वनखात्यातून निवृत्त झालेले अण्णा राहतात. चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’ला ते पोथीसारखं कापडात गुंडाळून ठेवतात. त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, माणसं वारंवार जिथं जातात तिथं कावळा लक्ष ठेवतो, मुंगूस वास काढतं. मग जरा थांबून म्हणाले, “बाई, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा. पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणंही त्यातच मोडतं.” मी ते वाचलं. जन्मभर मुलांना ‘हात लावू नका’ शिकवलं आणि स्वतः हात न लावता सगळं करून बसले. पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्राने नेली, तेव्हा ती समुद्र आटवायला निघाली आणि शेवटी देवाला मध्ये पडावं लागलं. माझ्या टिटवीच्या वाट्याला समुद्र नव्हता, आमचा ग्रुप होता.

एवढं सगळं मी वहिनींना पहिल्यांदाच सांगितलं. त्यांनी चाळणीखालची मूठभर कोवळी कुरडई माझ्या हातावर ठेवली. आमच्याकडे सांत्वन असंच करतात.

“मग यंदा?”

“कुणाला सांगू नका.”

“मी? मी कुणाला सांगते?”

हे वाक्य आमच्या गल्लीतलं सगळ्यांत धोकादायक वाक्य आहे. तरी सांगितलं. आलीय. पंधरा दिवस झाले, अंड्यांतून पिल्लं निघायला महिनाभर लागतो, म्हणजे निम्मं झालं. मी जवळ जात नाही. लांबून, झाडाच्या आडून, दहा मिनिटं. परवा दुपारी बारा वाजता एक गंमत पाहिली. जोडीतली एक बसलेली, दुसरी दगडखाणीतल्या उरल्यासुरल्या पाण्यात उतरली. पीत नव्हती. पोट बुडवून, अंग हलवून, पिसं भिजवत होती. मग उडून आली, पहिली उठली, ही ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने पुन्हा अदलाबदल. मला वाटलं उन्हानं मला काही भलतंच दिसतंय. अण्णांना फोटो दाखवला. ते म्हणाले, बरोबर पाहिलंत, अंडी थंड ठेवायला टिटव्या पोटाच्या पिसांतून पाणी आणतात.

वहिनी गप्प. त्यांची नजर दोरीवर वाळत घातलेल्या नानांच्या शर्टाकडे गेली.

“यंदा अंडी उंचावर घातलीत की खोलगटात?” त्यांनी विचारलं. त्यांच्या माहेरी, जुन्नरकडे, टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस भरपूर, असा हिशेब असतो.

“ते सांगितलं तर जागा कळेल.”

“बाई, मला तरी सांगा. मी वर चढूसुद्धा शकत नाही, गुडघे बघा माझे.”

“नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि कुरडयांवर चाळणी पालथी घातली. जाता जाता मागे वळल्या. “आणि तो मघाचा फोटो पुसून टाका. तेलकट कागदाचा.”

“तुम्ही पाहिलात?”

“महिनाभर माहीत आहे मला. वासाला झूम लागत नाही, तुम्हीच म्हणालात ना! दोन भजी खातात, आठवड्यातून एकदा. तेवढी मी रात्रीच्या भाकरीतून वजा करते. त्यांना सांगू नका हं.”

म्हणजे आता माझ्याकडे टिटवीचं गुपित, नानांचं गुपित आणि नानांच्या गुपिताचं वहिनींचं गुपित. त्यातलं घरट्याचं सोडून बाकीची दोन मी तुम्हाला सांगून टाकली आहेत.

येत्या रविवारी सकाळी सहाला टेकडीच्या पायथ्याशी, भज्यांच्या गाडीपाशी. दोन कॅन आणा, पाच-पाच लिटरचे, झाकण घट्ट बसणारे. कुत्र्याला घरी ठेवा. आणि हिवराच्या कुठल्या बाजूला, ते मला विचारू नका.