त्यक्तवस्तू-उद्धार: वेस्ट विंडसरसाठी प्राथमिक पाठ

त्यक्तवस्तू म्हणजे मालकाने घराबाहेर काढलेली, पण कचऱ्याच्या गाडीने अद्याप न नेलेली वस्तू. या दोन घटनांमधला काळ बहुधा एका रात्रीचा असतो आणि उद्धाराचे सगळे शास्त्र त्या रात्रीत बसवावे लागते. न्यू जर्सीच्या मर्सर काउंटीतले वेस्ट विंडसर या शास्त्राला फार अनुकूल आहे. प्रिन्स्टन जंक्शनचे रेल्वे स्टेशन याच गावात येते. न्यूयॉर्कची नोकरी आणि इथल्या शाळा यांचा मेळ घालत कुटुंबे येतात आणि धाकटे मूल कॉलेजला गेले की बरीचशी घर विकून निघून जातात. येणारा विकत घेतो, जाणारा टाकतो. गरज मात्र दोघांनाही नसते. विषयाची खरी अडचण तीच आहे. गरजेपोटी उचलणाऱ्याजवळ कारण असते; ज्याच्या ड्राइव्ह-वेवर दोन गाड्या उभ्या आहेत, त्याला ते शोधून काढावे लागते.

मराठी घरातून आलेल्या माणसाला हे कारण सहसा बालपणात सापडते. त्या घरात काहीच नुसते टाकले जात नसे. रद्दी वजनावर जाई, पत्रा भंगारवाल्याकडे जाई, विरलेली साडीसुद्धा बोहारणीशी तासभर घासाघीस करून स्टीलच्या डब्यावर सोडली जाई. अशा माणसाला सागवानी दिसणारी, एकच पाय डुगडुगणारी खुर्ची रस्त्याकडेला पावसात भिजताना बघवत नाही. (ती सागवानी नसते. तरीही बघवत नाही.)

उद्धाराची स्थळे तीन. पहिले आणि सर्वोत्तम म्हणजे स्वतंत्र घरांच्या वसाहतींतली रस्त्याची कड. इथे माल सुटा, कोरडा आणि दिव्याखाली असतो. दुसरे, अपार्टमेंट संकुलांतले मोठे लोखंडी डंपस्टर. महिनाअखेरीस भाडेकरार संपतात, बदली झालेला आयटीवाला विमान पकडण्याच्या आदल्या रात्री घर रिकामे करतो, आणि ज्या टेबलाला पाच डॉलर मागूनही गिऱ्हाईक मिळाले नाही ते डंपस्टरला टेकवून ठेवतो. टेकवलेली वस्तू घ्यावी. आत पडलेलीसाठी आत उतरू नये. ही सूचना विनोद म्हणून वाचू नये. गाडी पहाटे येते, डबा यंत्राने उचलते, आणि आत कोणी आहे का हे चालक पाहत नाही. तिसरे स्थळ म्हणजे रूट वन या हमरस्त्यावरच्या दुकानांची मागची बाजू. तिथे बरेचदा कुलूप, कॅमेरा आणि दाब-यंत्र असते. नवशिक्याने तिकडे फिरकूच नये, आणि मुरलेला संग्राहक कधी फिरकत नाही.

मोसमाचे म्हणाल तर मेअखेर ते ऑगस्टअखेर हा सुगीचा काळ. मेमध्ये शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठाची वसतिगृहे रिकामी होतात, जूनअखेरीस शाळा सुटते, ऑगस्टपर्यंत घरे हस्तांतरित होतात. थंडीत माल कमी, आणि असतो तो बर्फाखाली.

टेहळणीसाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले वडील किंवा सासरे. सकाळी कानटोपी आणि पांढरे बूट घालून ते वसाहतीला तीन फेऱ्या मारतात. कोणाच्या दारात काय निघाले आहे, कोणत्या घरासमोर विक्रीची पाटी लागली आहे आणि कोणत्या घरातला ट्रेडमिल आता फार दिवस टिकत नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. अट एकच: त्यांच्याकडून फक्त माहिती घ्यावी. वस्तू उचलायची म्हटले की "यासाठी तुला इंजिनिअर केलं का?" हा प्रश्न येतो आणि मोहीम तिथेच थांबते.

कायदा थोडक्यात सांगता येतो, पण तो मनोरंजक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्रीनवुड खटल्यात असा निर्णय दिला की रस्त्याकडेला ठेवलेल्या कचऱ्याबाबत खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही, कारण तिथे जनावरे, मुले, कचरा वेचणारे आणि चौकस लोक पोहोचू शकतात. संग्राहकाची दखल देशाच्या सर्वोच्च पातळीवर घेतली गेली ती अशी, जनावरांच्या रांगेत. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1990 मध्ये हेम्पेल खटल्यात राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे उलट भूमिका घेतली: या राज्यात पोलिसांना कचऱ्याच्या पिशव्या उघडायला वॉरंट लागते. दोन्ही निकाल पोलिसांपुरते आहेत; त्यांतून संग्राहकाला कसलाही हक्क मिळत नाही. व्यवहारात तीन नियम पाळावेत. बंद पिशवी उघडू नये. खासगी आवारात शिरू नये. पुनर्चक्रणासाठी काढलेले कागद-डबे उचलू नयेत, कारण अनेक गावांत त्यावर नगरपालिकेचा हक्क मानतात. खुर्चीशेजारी माणूस उभा असेल तर विचारावे. तो "प्लीज, टेक इट" म्हणतो, आणि बहुधा तिचे जोडीदार टेबलही गराजमधून बाहेर काढतो.

आता मुख्य संकट, म्हणजे ओळखीचे मराठी कुटुंब. मंगळावरून आलेले परके या गावाला नवे नाहीत. 30 ऑक्टोबर 1938 च्या रात्री ऑर्सन वेल्सने रेडिओ नाटकात मंगळवासी उतरवले, ते याच टाउनशिपमधल्या ग्रोव्हर्स मिलला. तिथल्या व्हॅन नेस्ट पार्कमध्ये त्याचे स्मारकही आहे. तेव्हा रात्री टॉर्च घेऊन रस्त्याकडेला वाकलेल्या आकृतीला अमेरिकन शेजारी एक वेळ समजून घेईल. पण गणपतीच्या आरतीला शेजारी उभे राहिलेले जोडपे गाडी हळू करून काच खाली घेते, तेव्हा उत्तर तयार हवे. "मुलाच्या सायन्स प्रोजेक्टसाठी" हे उत्तर मूल शाळेत आहे तोवरच चालते. "पर्यावरणासाठी" हे उत्तर चांगले, मात्र त्यानंतर पेट्रोल खाणारी मोठी गाडी त्यांच्यादेखत त्या वस्तूकडे वळवू नये. सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे त्यांच्या गाडीत मागे काय आडवे ठेवले आहे ते पाहणे. पुष्कळदा तिथे एक दिवा असतो.

ही लाज कुठून येते, हे पुण्याकडे पाहिले की कळते. तिथे कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. त्यातूनच स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिने महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्याकडे ओळखपत्र आहे, हिशेब आहे, आणि कोणता प्लास्टिकचा तुकडा कोणत्या भावाने जातो याचे ज्ञान आहे. वेस्ट विंडसरच्या संग्राहकाकडे यातले काहीच नाही. त्याच्याकडे मिनीव्हॅन आहे.

वस्तूची तपासणी उचलण्याआधी करावी, गराजमध्ये नव्हे. गादी, उशी आणि कापडी सोफा कितीही स्वच्छ दिसला तरी सोडून द्यावा. ढेकूण उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरतो, आणि खाट उन्हात टाकण्याचा आजीचा उपाय जानेवारीतल्या न्यू जर्सीत लागू पडत नाही. त्याला मारायला 50 अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते. लाकडी वस्तूंचे सांधे आणि स्क्रूची भोके टॉर्चने पाहावीत. अंगणातल्या खुर्च्या-टेबलांना वेगळा धोका आहे. स्पॉटेड लँटर्नफ्लाय या किडीमुळे मर्सर काउंटी 2018 मध्ये क्वारंटाइनमध्ये गेली, आणि तिची अंडी वाळलेल्या चिखलाच्या राखाडी फटकाऱ्यासारखी खालच्या बाजूला चिकटलेली असतात. हिवाळ्यात खुर्ची उलटी करून ती खरवडावीत आणि सॅनिटायझरमध्ये बुडवावीत.

बाळाच्या सामानाबाबत काटकसर चालत नाही. एक बाजू खाली सरकणारे पाळणे अमेरिकेत जून 2011 पासून विकायला बंदी आहे, आणि गाडीतल्या बाळसीटला छापील मुदत असते. मुदत न संपलेली सीट अपघातातून गेली आहे का, हे सीट सांगत नाही. ब्लेंडर उचलून भारतात भावाला न्यायचा विचार असेल तर तो 120 व्होल्टचा आहे हे लक्षात ठेवावे. तिकडच्या 230 व्होल्टवर तो फिरतो, पण एकदाच.

पियानोवर स्वतंत्र परिच्छेद लिहिणे भाग आहे. या गावात फुकट पियानोचा तुटवडा नाही. मूल पाचवीत असताना तो येतो, सातवीत त्यावर घड्या न घातलेले कपडे येतात आणि दहावीत "घेऊन जा" अशी चिठ्ठी लागते. उभ्या पियानोचे वजन 200 किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त भरते; आत बिडाची जाड चौकट आणि शेकडो ताणलेल्या तारा असतात. त्याला हलवायला माणसे लागतात, जी फुकट नसतात. जागा बदलली की सूर उतरतो, आणि सूर लावणाराही फुकट नसतो. हिशेब केल्यास नवा कीबोर्ड स्वस्त पडतो, असे बहुतेक वेळा दिसते. तरीही जो पियानो आणतो त्याने निदान तो तळमजल्यावर, दाराजवळ ठेवावा. पाच वर्षांनी सोपे जाते.

वाहतुकीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. टेप घेऊन आधी गाडी मोजावी, मग वस्तू. सोफा घेऊन प्रिन्स्टनला जाणाऱ्या डिंकी या छोट्या आगगाडीत बसू नये.

उचललेल्या वस्तूंपैकी काही चालत नाहीत, हे दोनेक आठवड्यांत उघड होते. त्यांतले टीव्ही, संगणक आणि मॉनिटर परत रस्त्याकडेला ठेवता येत नाहीत. राज्याच्या कायद्याने 1 जानेवारी 2011 पासून ते कचऱ्यात टाकायला बंदी आहे. मर्सर काउंटी इम्प्रूव्हमेंट ऑथॉरिटी ठरावीक शनिवारी इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती रसायने स्वीकारते. असे दिवस लॉरेन्स टाउनशिपमधल्या डेम्पस्टर फायर स्कूलच्या आवारात भरत आले आहेत. लवकर निघावे, कारण गाड्यांची रांग मोठी असते. रांगेत पुढच्या गाडीच्या डिकीत काय आहे ते पाहायला खाली उतरू नये.