पहिल्या आठवड्याचे दादा

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात नव्याने आलेल्या मुलाला कुलगुरू कोण आहेत हे एम.ए. संपेपर्यंत कळलं नाही तरी त्याचं काही अडत नाही. दादा कोण, हे मात्र पहिल्याच दुपारी कळतं. झेरॉक्सच्या रांगेत दादा त्याच्या मागे उभे असतात. मान लांब करून त्याच्या हातातल्या फायलीत डोकावतात आणि कुणी काही विचारलेलं नसताना सांगतात, "मायग्रेशनच्या तीन कॉप्या काढ. ते दोन म्हणतील. तू तीन काढ." मुलगा वळून बघतो. तेवढं पुरतं. इथून पुढचा आठवडा त्याचा स्वतःचा राहत नाही.

दादांना नाव असतं, पण ते हॉल तिकिटापुरतं. एरवी मुलं, मुली, मेसवाले मामा, गेटवरचे काका सगळे 'दादा'च म्हणतात. त्यातले निम्मे वयाने त्यांच्याहून मोठे असतात. वयाचा विषय निघालाच तर दादा एमपीएससीची वयोमर्यादा सांगतात: खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे झालेलं सांगत नाहीत, शिल्लक सांगतात. अंगात चौकड्यांचा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, पाठीला स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याशा क्लासने फुकट दिलेली सॅक. त्या क्लासची फी दादांनी कधी भरलेली नाही. डेमो लेक्चर मात्र एकही चुकवलेलं नाही.

"पहिला आठवडा ज्यानं हातात धरला, त्याची दोन वर्षं कुठं जात नाहीत," हे दादांचं लाडकं वाक्य. स्वतः दादांची दोन वर्षं कुठंही गेलेली नाहीत, हे कुणीही मान्य करील. ती अजून इथंच आहेत.

या आठवड्यात दादांची खरी परीक्षा मुलापाशी होत नाही, मुलाच्या वडिलांपाशी होते. परभणीहून, बीडहून रात्रभर एसटीत बसून आलेले वडील भल्या पहाटे वाकडेवाडीला उतरलेले असतात. (शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस तिकडे हललं. गावाकडे अजून 'शिवाजीनगरला उतरा' असंच सांगतात आणि उतरलेला माणूस अर्धा तास शिवाजीनगर शोधत राहतो.) खांद्यावर गादीची वळकटी, हातात लाडवांचा डबा आणि डोक्यात एकच प्रश्न, की पोरगं राहणार कुठं? वसतिगृहाची यादी अजून लागायची असते.

"काका, तुम्ही निर्धास्त जा," दादा म्हणतात. "यादी लागेपर्यंत माझ्याकडं राहील."

'माझ्याकडं' म्हणजे नक्की कुठं, हे काका विचारत नाहीत. विचारलं असतं तर पंचाईत होती. दादा ज्या खोलीत राहतात तिच्या दारावर ज्यांची नावं आहेत त्यांत दादा नाहीत. वसतिगृहात अशा रहिवाशाला पॅरासाइट म्हणतात. म्हणजे काका आपला मुलगा एका पॅरासाइटच्या पदरात टाकून समाधानाने परत निघतात. जाताना चहाचे पैसे काकाच देतात. डबा मागे राहतो. रात्री त्यातला लाडू फोडताना दादा गंभीरपणे म्हणतात, "आईला फोन लाव. सांग, व्यवस्थित पोचलो. आणि वेलदोडा बरोबर पडलाय म्हणावं."

दुसऱ्या दिवशी कागद. इथे मात्र दादांची चेष्टा करायची सोय नाही, कारण विद्यापीठातली कोणतीही खिडकी काय मागणार हे त्यांना खिडकीतल्या माणसाच्या आधी ठाऊक असतं. जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी, महाडीबीटीचा फॉर्म. रॅगिंगविरोधी हमीपत्र यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार मुलानेही द्यायचं असतं आणि पालकांनीही. ते काका एसटीत बसायच्या आधी उरकायला हवं, हे त्या सगळ्या गर्दीत फक्त दादांना सुचतं. "आपल्याकडं रॅगिंग नाहीये हां काका," सही घेता घेता ते धीर देतात. "वेळ कुणाला आहे? सगळे जयकरला बसलेत."

जयकर म्हणजे विद्यापीठाचं ग्रंथालय. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचं नाव त्याला दिलेलं आहे आणि पाटीवर आता 'ज्ञानस्रोत केंद्र' असं लिहिलेलं आहे. पण ज्ञानस्रोत केंद्राला बसतो असं म्हणणारा विद्यार्थी अजून जन्मायचा आहे. जयकरला बसायचं तर आधी जागा हवी आणि जागा धरणं हा दादांच्या अभ्यासक्रमातला सगळ्यात जास्त क्रेडिटचा विषय. पहाटे जाऊन टेबलावर बाटली ठेवायची, बाटलीखाली वही, वहीवर चष्म्याची रिकामी केस. नुसती बाटली कुणीही सरकवतं. चष्म्याची केस दिसली की माणूस जवळपास आहे असं वाटतं. दादांना चष्मा नाही.

नव्या मुलाचं ग्रंथालयाचं कार्ड हातात पडलं की त्यावर निघणारं पहिलं पुस्तक दादांचं असतं. बहुतेक लक्ष्मीकांतचं 'इंडियन पॉलिटी'. मुलगा मराठी विभागात संतसाहित्य शिकायला आलेला असतो आणि त्याच्या नावावर पहिल्याच आठवड्यात अख्खी राज्यघटना चढते. दिवाळीनंतर दंडाची चिठ्ठी येते तेव्हा तो संतवृत्तीच्या बराच जवळ पोचलेला असतो.

मग स्वागताचे कार्यक्रम. नव्या विद्यार्थ्यांच्या या ओळख-सोहळ्याला यूजीसीने 'दीक्षारंभ' असं भारदस्त नाव दिलं आहे. दादांची दीक्षा दर वर्षी आरंभ होते. कुठल्या विभागात नुसता चहा-बिस्किट आहे आणि कुठे खोकं मिळतं (समोसा, वेफर्स, एक पेढा), याची बित्तंबातमी त्यांच्याकडे असते. ते दुसऱ्या रांगेत बसतात. पहिली पाहुण्यांची, तिसरीपासून झोप लागते. वक्ते बोलायला उभे राहिले की दादा शेजारच्याच्या कानात सांगतात, "आता म्हणतील, तुम्ही या देशाचं भविष्य आहात." वक्ते म्हणतात. टाळ्या दादांपासून सुरू होतात. इतक्या जुलै-ऑगस्टांत हे वाक्य त्यांना उद्देशून बोललं गेलं आहे, आणि देशाचं ते भविष्य अजून दुसऱ्या रांगेत खोक्याची वाट बघत बसलेलं आहे.

कॅम्पस दाखवणं हा दादांचा खास प्रांत. ४११ एकर ते भर पावसात, एका छत्रीत चार मुलं घेऊन दाखवतात. छत्री अर्थात मुलांपैकी एकाची. मुख्य इमारतीपाशी आले की त्यांच्यातला एम.ए. इतिहास जागा होतो. ही इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम. १८६४ मध्ये सर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत बांधायला घेतली. २२ जून १८९७ च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ इथून आटोपून रँड निघाला आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी त्याला गाठलं. इथवर सगळं खरं. ऐकणारी पोरं रस्त्याकडे बघायला लागतात, आणि तिथे उड्डाणपुलाच्या नि मेट्रोच्या गर्दीत खोळंबलेल्या गाड्या बघून एखादा पुटपुटतो, "आज असता तर रँड तासभर सापडला असता."

घसरतात ते भुयाराशी. इमारतीखाली भुयार आहे, पण ते कुठे निघतं हे समोरच्याच्या जिल्ह्यावर ठरतं. साताऱ्याच्या मुलाला ते थेट अजिंक्यताऱ्यावर नेतं, जुन्नरच्या मुलीला शिवनेरीवर. लातूरचा एक मुलगा बिचारा गप्प उभा होता. त्याचं मन मोडू नये म्हणून औशाच्या किल्ल्यापर्यंत एक फाटा तिथल्या तिथे काढण्यात आला.

शेवटचा थांबा आयुका. चार्ल्स कोरियांनी आखलेली ती वास्तू, नारळीकरांनी नावारूपाला आणलेली ती संस्था, याबद्दल दादा दोन वाक्यांत आदर व्यक्त करतात आणि मुद्द्यावर येतात. आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. "आइन्स्टाइनशेजारी उभा राहा. हां. हसू नको, अभ्यासू दिसलं पाहिजे. घरी पाठव हा फोटो." त्या रात्री मराठवाड्यातल्या एका घरात मुलाच्या फोटोसोबत कुणीतरी फार विस्कटलेल्या केसांचे सर दिसतात. त्यांनी पोरावर लक्ष ठेवावं एवढीच घरच्यांची अपेक्षा असते.

मुलींपुढे दादांची भाषा एकदम सरकारी होते. "मॅडम, आपलं डिपार्टमेंट कोणतं?" मुली फॉर्म नीट भरतात, सल्ला नीट ऐकतात आणि मग जो प्रश्न मुलांना दिवाळीपर्यंत सुचत नाही तो पहिल्याच दिवशी विचारतात, "दादा, तुम्ही स्वतः कुठल्या वर्षाला?"

दादांना नेमका तेव्हाच फोन येतो.

या प्रश्नाचं उत्तर तसं लपवण्यासारखं नाही, लांब आहे इतकंच. आधी राज्यशास्त्रात एम.ए. मग इतिहासात. मग सेट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची ही परीक्षा हेच विद्यापीठ घेतं. ज्या आवारात जेवायचं-झोपायचं, तिथल्याच लोकांनी दोन मार्कांनी नापास करायचं, याला दादा घरचा अन्याय म्हणतात. नेट सुटली आणि जेआरएफ लागली तर महिना ३७,००० रुपये. त्या पैशांची वाटणी त्यांनी तोंडपाठ करून ठेवली आहे, फक्त पैसे यायचे आहेत. आणि राज्यसेवा. २०२३ च्या सुरुवातीला मुख्य परीक्षेच्या नव्या वर्णनात्मक पॅटर्नविरुद्ध पुण्यात मुलं अलका चौकात रस्त्यावर बसली, त्यांत दादा होते. आंदोलन यशस्वी झालं. पॅटर्न २०२५ पर्यंत पुढे गेला. दादांनी दोन वर्षं विजय साजरा केला आणि मग २०२५ उजाडलं.

एवढं असून माणूस कडवट नाही, हे मला त्यांच्यातलं सगळ्यात अवघड वाटतं. विद्यापीठाची माहितीपुस्तिका फी किती ते सांगते; फी नसेल तर कुणाकडे जायचं हे दादा सांगतात. एखादा मुलगा मेस लावत नाही, सकाळी चहा आणि रात्री वडापाव यांवर दिवस काढतो, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलेलं असतं. ते काही बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याला 'कमवा व शिका'च्या फॉर्मपाशी नेऊन उभा करतात आणि म्हणतात, "लायब्ररीचं काम माग. बागेचं नको, पावसाळा आहे." हे ते छापील माहितीवरून बोलत नाहीत. त्यांनी दोन्ही केलेलं आहे. या एका वाक्यासाठी मी त्यांना लक्ष्मीकांतचे सगळे दंड माफ करायला तयार आहे. अर्थात ते माझ्या कार्डावर नाहीत म्हणून.

आठवडा सरला की दादांचा भाव पडतो. मुलाला मेसचा खाडा कधी कळवायचा, कुठल्या सरांच्या तासाला प्रेझेंटी लागते, अनिकेत कँटीनमध्ये गर्दी कधी नसते हे सगळं कळलेलं असतं. आता तो लांबूनच हात करतो, "काय दादा!" आणि निघून जातो. दादा वाईट वाटून घेत नाहीत. अजून दुसरी फेरी आहे, तिसरी आहे, मग स्पॉट ॲडमिशन. त्यांचा पहिला आठवडा गणपती उठेपर्यंत चालतो.

आणि मग एके दिवशी दादा स्वतःच रांगेत उभे दिसतात. ग्रंथालयाचं कार्ड चालू ठेवायचं तर कुठेतरी नाव चालू हवं, म्हणून यंदा पालीचा सर्टिफिकेट कोर्स. मागच्या वर्षी दुसरा कुठलातरी होता. खिडकीतल्या मॅडम नव्या आहेत. दादांना ओळखत नाहीत.

"मायग्रेशन?"

"मॅडम, मी कुठं गेलोच नाही."

"गॅप आहे का मध्ये?"

दादा प्रामाणिकपणे विचार करतात. "तसा नाही म्हणता येणार."

"रॅगिंगचं हमीपत्र आहे, पण पालकांची सही नाही यावर. सहीशिवाय घेता येणार नाही. नेक्स्ट."

दादा मागे वळतात. रांगेत तिसऱ्या नंबरवर परभणीचे काका उभे आहेत. वसतिगृहाची यादी लागली म्हणून मुलाची खोली बघायला आलेत आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी इथे थांबलेत. दादा काही सांगायच्या आत काका सदऱ्याच्या खिशातून पेन काढतात, फॉर्म भिंतीला टेकवतात आणि सही करतात. नातं लिहायच्या रकान्यापाशी मात्र त्यांचा हात थबकतो.

"'पालक' लिहा काका," दादा हळूच म्हणतात. "'काका' लिहिलंत तर सोमवारी परत बोलावतील."