विकतचं वजन

गेल्या आषाढात माझी भाची घरी आली होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या गुडघ्यांकडे बघते. जेवणं झाली होती, मी सोफ्यात रुतून बडीशेप चघळत होतो, आणि ती एकदम म्हणाली, "मामा, जरा खाली जमिनीवर बसा बघू. आता कशालाही हात न लावता उठा." मला वाटलं, तिचं कानातलं खाली पडलं असावं. पण ती परीक्षा होती. ब्राझीलच्या क्लॉडिओ गिल अराऊजो नावाच्या डॉक्टरांची. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात टेकला, गुडघा टेकला, मांडीवर पंजा रोवला, की दर टेकूला एक गुण वजा. नुसता तोल गेला तर अर्धा. मी बसताना दोनदा टेकलो, उठताना तीनदा, शिवाय मध्ये एकदा वाऱ्यावरच्या केळीसारखा डुललो. साडेचार. ज्या देहाने लहानपणी पंगतीत मांडी मोडून बसून, हातात उष्टं ताट घेऊन, धोतराला धक्का न लावता दोन आजोबांच्या मधून उठून दाखवलं होतं, त्याला आता दहापैकी साडेचार.

मग तिने औषधाची चिठ्ठी लिहावी तशी सामानाची यादी लिहिली आणि वर शीर्षक दिलं : फंक्शनल फिटनेस. म्हणजे दंड फुगवायचे नाहीत. वाकता आलं पाहिजे, खालचं वर ठेवता आलं पाहिजे, ढकलता-ओढता आलं पाहिजे आणि ओझं घेऊन चार पावलं चालता आलं पाहिजे. "बास, एवढंच?" मी विचारलं. "एवढंच," ती म्हणाली, "पण तुम्हाला तेच येत नाही."

दुकानात शिरल्याबरोबर विक्रेत्या मुलाने मला ट्रेडमिलपाशी नेलं. या यंत्राविषयी माझ्या मनात जुनी करुणा आहे. ते मूळचं तुरुंगातलं. विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअराने 1818 च्या सुमारास कैद्यांना चढत राहण्यासाठी ते पायऱ्यांचं चाक काढलं. पुढे बिचाऱ्या ऑस्कर वाइल्डलाही ते चालवावं लागलं. आता माणसं तीच शिक्षा हप्त्यांवर घेतात आणि दोन महिन्यांत स्वतःला माफी देतात. माझ्या ओळखीच्या तीन घरांत ट्रेडमिल आहे. तिन्ही ठिकाणी त्यावर टॉवेल वाळतात, आणि पावसाळ्यात त्याच्याइतकं उपयोगी यंत्र घरात दुसरं नसतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण टॉवेल वाळवायला आमच्याकडे दोरी आहे.

तेव्हा मी यादीवर आलो. एक चटई घेतली, गुडघ्याला फरशी बोचू नये इतपत जाड आणि पाय डगमगू नये इतपत पातळ. तीन रबरी पट्टे घेतले. हे पट्टे मला आवडले. जितकं ओढावं तितका त्यांचा विरोध वाढत जातो आणि सोडलं की राग न धरता पूर्ववत होतात. एकत्र कुटुंबात वाढलेले असावेत. शिवाय दाराच्या बिजागरीला अडकवून ओढता येतात आणि गुंडाळून रुमालाच्या खणात मावतात. डंबेल्सची जोडी मी मागे ठेवली, कारण मुलगा म्हणाला, "काका, एकच वस्तू घ्यायची असेल तर केटलबेल घ्या."

केटलबेल म्हणजे लोखंडाचा गोळा आणि त्याला वर कडीसारखी मूठ. रशियात याला गिर्या म्हणतात, आणि त्याचं पूर्वायुष्य धान्याच्या तराजूत गेलं आहे. ते पूड या मापात मोजायचे. एक पूड म्हणजे सोळा किलोंहून थोडं जास्त. बाजारात वजनं हाताळता हाताळता गडी ती फिरवून दाखवू लागले आणि मापाचा खेळ झाला. हे कळल्यावर मला थेट कोल्हापूरचं आमचं धान्याचं दुकान आठवलं. तिथला मोठा काटा, पारड्यात पडणारी लोखंडी मापं, आणि गर्दी नसली की शेटजी आम्हा पोरांना दुसऱ्या पारड्यात बसवून ज्वारीसारखे तोलायचे ते. तिथून चार पावलांवर तालीम होती. ताक, हळद आणि तेल जिरलेल्या तांबड्या मातीचा वास रस्त्यापर्यंत यायचा, आणि आत अंधारात कुणीतरी मुद्गल फिरवत असायचं. तेच मुद्गल साहेबाने विलायतेला नेले, हलके केले, आणि 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची चक्क स्पर्धा झाली. मी मात्र दारातूनच बघायचो. कोल्हापुरात जन्मून मातीत कधीच उतरलो नाही. त्यामुळे "बिगिनर का, काका?" या प्रश्नाला मान खाली घालण्यावाचून माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

गोळा उचलून पाहिला. डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं, शहाण्यासारखं. याचं सगळं वजन मुठीखाली लोंबतं, आणि कडेवरचं हट्टी मूल जसं नेमकं आपण निघालो की मागे कलंडतं, तसं ते आपल्याला ओढत राहतं. हात नव्हे, कंबर आणि मांड्या कामाला लागतात. म्हणूनच ते घ्यायचं. "कसं दिलं?" मी विचारलं. "किलोवर," मुलगा म्हणाला. कांद्यासारखं. मी आठ किलो वजन विकत घेतलं. पोटावर त्याहून अधिक फुकट बाळगून असताना.

रिक्षात ते पायाशी ठेवून येताना मला आजीची आठवण येत होती. तिच्या कमरेवर तांब्याचा हंडा, डोक्यावर कळशी, पहाटे जातं, दुपारी पाटा-वरवंटा. भाचीच्या यादीतली प्रत्येक हालचाल ती दिवसातून शंभरदा करत असणार. आता इथे उसासा टाकून "जुनं ते सोनं" म्हणावं, असा मोह होतो. पण घरात नळ आला तो दिवस मला आठवतो. तिने तो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. जेवताना मधेच उठून जाऊन उघडला. पिठाची गिरणी जवळ आली तेव्हा जातं तिने मागल्या दाराची पायरी करून टाकलं आणि पुढे कित्येक वर्षं त्यावर पाय देऊन ती अंगणात उतरायची, जरा जोरातच. तिला व्यायाम नको होता, तिला बसायला हवं होतं. घरातलं ओझं बाहेर काढायला आमच्या दोन पिढ्या लागल्या, आणि मी त्यातलं आठ किलो पैसे मोजून परत आणत होतो. तेही जिन्यापर्यंत रिक्षावाल्याने उचललं.

गोळा सध्या खिडकीखाली असतो. सकाळी मी तो दहा-दहादा उचलतो, मोठ्याने मोजून. नंतर कामाच्या मावशी येतात, बोलता बोलता एका हाताने तो बाजूला घेतात, खालची फरशी पुसतात, जागेवर ठेवतात. त्या मोजत नाहीत. पहिल्यांदा एवढंच म्हणाल्या होत्या, "दादा, हे कशाचं माप म्हणायचं?"

गेल्या आठवड्यात भाचीने पुन्हा परीक्षा घेतली. साडेसहा. उठताना आजी म्हणायची तसंच "विठ्ठला" तोंडातून निघून जातं, पण त्याचे गुण कापत नाहीत. मी आधीच विचारून घेतलं होतं.