नऊ रात्रींची नोकरी

स्वतः घागरा न घालता घागऱ्यांचा बाजार तेजीत ठेवणारी बाई म्हणजे फाल्गुनी पाठक. आखूड केस, सैल शर्ट-पँट, वर जॅकेट. पॉप गायिका अशी दिसते होय? कॅसेट कंपनीनं 1998 साली ‘याद पिया की आने लगी’ विकलं खरं, पण व्हिडिओत लाजण्या-मुरडण्याचं काम रिया सेनकडे सोपवलं.

पुढे अल्बमची लाट ओसरली. कुणी परीक्षकाची खुर्ची धरली, हिनं नवरात्रातला गरबा धरला. वर्षातून नऊ रात्री काम, आणि तेवढ्यात वर्षभराचा भाव! 2022 मध्ये तिच्या ‘मैंने पायल है छनकाई’चं रीमिक्स होऊन ‘ओ सजना’ झालं, तेव्हा ती उघड चिडली. पण गाण्याचे हक्क तिच्याकडे नव्हते. 2023 मध्ये तर बोरिवलीतल्या तिच्या कार्यक्रमाचे बनावट पास निघाले आणि पोलिसांना धरपकड करावी लागली. पुरस्कार काय, कुणालाही मिळतात. नोटेसारखी नक्कल होण्याचा मान विरळा.

या गरब्याला लोकलनं येणाऱ्या विरारच्या बायकांचं गणित सोपं आहे. सकाळी डब्यात चौथ्या सीटवरून जिच्याशी कडाक्याचं भांडण, तिच्याच टिपरीवर रात्री टिपरी. सरकारच्या कृपेनं शेवटच्या काही रात्री स्पीकर बारापर्यंत चालतो. मग घागरे सावरत बोरिवलीच्या पुलावरून शेवटच्या विरार लोकलकडे जी धाव सुटते, तिला ना पास लागतो, ना फाल्गुनी. त्या गरब्यात विरारकर बारमाही तरबेज आहेत.