आम्ही पाडलेला उजेड

मे महिन्याच्या अखेरीस पुण्याची भाचरं कोल्हापूरला येतात. रंकाळा, न्यू पॅलेस आणि मिसळ संपली की त्यांना काय दाखवायचं, हा प्रश्न मामापुढे उरतो. यंदा मी जाहीर केलं, "राधानगरीला काजवे बघायचे!" पावसाच्या तोंडावर तिथल्या रानात ऐन, हिरडे, जांभळी रात्री लखलखतात. शिवाय मला बायको नाही, मुलं नाहीत. त्यामुळे बालशिक्षणाविषयी माझी मतं फार पक्की आहेत.

वाटेत हळदी लागलं. माझा हळदीशी संबंध येतो तो एवढाच. तिथून मी सुरू झालो. काजवा म्हणजे माशी नव्हे, भुंगेऱ्यांच्या कुळातला किडा. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याला ऑक्सिजन मिळाला की उजेड पडतो. पण बल्बसारखा तापत नाही.

"चार्जिंग किती दिवस टिकतं?" धाकट्यानं विचारलं.

"पंख फुटल्यावर दोन-तीन आठवडे. त्याआधी अळी असते, ती गोगलगायी खाते."

"ईऽऽ! आणि मोठा झाल्यावर?"

"मोठे काजवे फारसं खातच नाहीत. नर उडत उडत लुकलुकतो. मादीला पसंत पडला तर तीही लुकलुकून उत्तर देते. मग लग्न."

मागच्या सीटवर विचारविनिमय झाला. मग भाची हळूच म्हणाली, "मामा, तुझा लाईट गेलाय का?"

पोचल्यावर मी कडक शिस्त लावली. मोबाईल बंद, बॅटरी बंद. आपल्या उजेडात काजव्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. धाकट्याचे चालताना चमकणारे बूटसुद्धा पिशवीत घातले आणि त्याला कडेवर घेतलं. समोर एक अख्खा हिरडा लुकलुकत होता. बघणारे सगळे चिडीचूप. मी कानात कुजबुजायला तोंड उघडलं, तेवढ्यात धाकट्यानं आनंदानं टाच मारली. ती बसली खिशातल्या गाडीच्या किल्लीवर.

मागे माझ्या गाडीनं चारी इंडिकेटर लावून बोंब ठोकली. झाड विझलं. अंधारातून आवाज आला, "कुनाची वरात आलीया रं?" मी घाबरून दिसेल ते बटण दाबलं, डिकी उघडली आणि तिच्यातलाही दिवा लागला. तेवढ्यात कुणीतरी आपलीच गाडी ओरडतेय की काय म्हणून स्वतःची किल्ली दाबली. पलीकडची लाल मारुती दोनदा लुकलुकली.

"मामा, तिनं उत्तर दिलं!" भाची टाळ्या पिटत ओरडली. माझं व्याख्यान पोरांना इतकं नेमकं समजलं असेल, असं वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं हिरडा पुन्हा पेटला. पण पोरं पाठ फिरवून गाड्यांकडे बघत बसली होती.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "दिसले का रे काजवे?"

"आजी, मामाच्या गाडीचं लग्न ठरलं!"

आईनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "हुंदे. घरात एकाचं तरी ठरलं."